रुपयावरची खूण: टांकसाळीतली की संसारातली?

सारंगखेड्याहून बोलतेय. मी बचत गटांचं काम बघते, त्यामुळे माझ्या बोलण्यात नेहमी हप्ता, ठराव आणि पासबुक असतं. आज मात्र जुन्या रुपयाबद्दल बोलणार आहे. विषय इतिहासाचा आहे, पण आमच्या गटात तो कर्जाच्या अर्जातून आला.

दत्तजयंतीची यात्रा उठून महिना झाला असेल. बैठकीत एका ताईनं साडेतीन हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कारण विचारलं तर म्हणाली, "घरखर्च." कसला घरखर्च, म्हणून सगळ्यांनी विचारलं तेव्हा तिनं पदराची गाठ सोडली आणि फडक्यात बांधलेला चांदीचा रुपया सतरंजीवर ठेवला. सासूच्या हारातला, पंचम जॉर्ज राजाचा, १९१९ सालचा. राजाच्या मुकुटाशेजारी काठावर एक खाच होती आणि खाचेला लागून धातू थोडा वर आला होता.

तिनं त्याचा फोटो मोबाइलवर कुणाला तरी पाठवला होता. पलीकडच्या माणसानं सांगितलं, "बाई, ही टांकसाळीची चूक आहे. असा रुपया लाखात एक. चार लाख मिळतील. आधी नोंदणीचे साडेतीन हजार तेवढे भरा."

त्या दिवशी आम्ही कर्ज दिलंही नाही आणि नाकारलंही नाही. आठ दिवसांची मुदत घेतली. माझा बी.ए.चा विषय इतिहास, म्हणून बायांनी काम माझ्या गळ्यात घातलं. मी जुनी पुस्तकं काढली, नाणी जमवणाऱ्या एका गुरुजींकडे दोन वेळा जाऊन बसले, भिंग मागून आणलं. तेव्हा जे कळलं ते तुम्हाला सांगते, कारण असा फोन उद्या तुमच्या गावातही येऊ शकतो.

नाण्यावर काही वेगळं दिसलं की एकच गोष्ट विचारायची. हे नाणं जन्मताना झालं, की जन्मल्यावर जगताना झालं? पहिलं असेल तर ती टांकसाळीची चूक. नाणी जमवणारे लोक तिला किंमत देतात. दुसरं असेल तर ती इजा. संग्राहकाच्या बाजारात इजेनं नाण्याची किंमत वाढत नाही, उलट कमी होते. दोन्हींतला फरक ओळखायचा तर रुपया जन्मतो कसा, हे आधी माहीत हवं.

आपल्या तापीमाईच्या काठावर मोगलांच्या दोन मोठ्या टांकसाळी होत्या. आपल्या वरच्या अंगाला बऱ्हाणपूर आणि खाली समुद्राजवळ सुरत. सुरत म्हणजे त्या काळचं बडं बंदर. जहाजांतून आलेली परदेशी चांदी तिथे उतरायची आणि तिचे रुपये पडायचे. दक्षिणेकडे चांदवडला होळकरांची टांकसाळ होती. हे सगळं काम हाताचं. एक ठसा खाली पक्का बसवलेला, त्यावर तापवून, ठोकून वजनात बसवलेली चांदीची चकती, वर दुसरा ठसा धरायचा आणि घण घालायचा. ठसा मोठा आणि चकती लहान, म्हणून सगळी अक्षरं चकतीवर मावतच नसत. कुठे टांकसाळीचं नाव कापलं जाई, कुठे साल. शिवाजी महाराजांची तांब्याची शिवराई बघितलीत तरी तेच दिसेल. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', पण एखाद्या शिवराईवर 'छत्र' नीट दिसतं आणि 'पति' काठाबाहेर गेलेलं असतं.

ही चूक म्हणायची का? नाही. त्या काळी सगळीच नाणी अशी पडत. चूक म्हणायला आधी नियम लागतो. गटाच्या वहीत रकाने आखलेले असतात म्हणून रक्कम चुकीच्या रकान्यात पडली की लगेच दिसते. कोऱ्या कागदावर चूक कुठे शोधणार? तेव्हा कुणी शिवराई दाखवून "अर्धीच छापली, दुर्मिळ चूक आहे" म्हणालं, तर विश्वास ठेवू नका.

त्या काळी गावोगावी निरनिराळे रुपये चालत. प्रत्येकाची चांदी वेगळी, म्हणून सराफ पारखून बट्टा कापून घेई. ईस्ट इंडिया कंपनीनं तर मुंबईत पाडलेल्या रुपयांवरही सुरतेचंच नाव आणि मोगल बादशहाचंच नाव ठेवलं होतं, कारण लोकांचा विश्वास त्या नावांवर होता. मग १८३५ साली कंपनीनं कायदा केला आणि तिच्या सगळ्या मुलखात एकच रुपया आणला. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी. हे वजन तुमच्या ओळखीचं आहे. जुना तोळा तो हाच, आणि ऐंशी रुपये भार म्हणजे एक शेर. आपल्या आज्या तोळा म्हणायच्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर रुपयाच असायचा.

हे रुपये यंत्रावर पडत. यंत्र म्हणजे कळ, म्हणून लोक त्यांना कलदार म्हणू लागले. व्हिक्टोरिया राणीचे ते राणीछाप. यंत्र आल्यावर सगळे रुपये एकसारखे झाले आणि तेव्हापासून टांकसाळीची चूक या शब्दाला अर्थ आला.

आता यंत्राचं काम आपल्या स्वयंपाकघरातून समजून घेऊ. धातूची लांब पट्टी लाटतात. पट्टीतून गोल चकत्या कापतात, आपण मोठी पोळी लाटून वाटीनं पुऱ्या पाडतो तशा. मग चकतीची कड दाबून थोडी उंच करतात. शेवटी चकती एका कड्यात बसते आणि वरून-खालून दोन ठशांचा दाब पडतो. पुढची बाजू, मागची बाजू आणि त्या कड्यामुळे काठावरच्या उभ्या रेघा, तिन्ही एकाच दाबात उमटतात. काठाच्या या रेघा नुसत्या शोभेच्या नाहीत. पूर्वी लबाड लोक काठ कानशीनं घासून चांदीचा कीस काढून घेत. रेघा असल्या की घासलेलं लगेच कळतं.

या कामात कुठे काय चुकू शकतं ते बघा.

पुऱ्या पाडताना वाटी आधीच्या भोकावर थोडी चढली तर पुरीला चावा घेतल्यासारखा आकार येतो. नाण्याचंही तसंच. अशा नाण्याचा चावा गोल, गुळगुळीत वळणाचा असतो. त्याच्या जवळची अक्षरं दाबून वाकलेली नसतात, धातूच नाही म्हणून ती हळूहळू विरत जातात. आणि चाव्याच्या बरोबर समोरच्या बाजूला कड कमजोर, पुसट असते. कड उंच करताना एका बाजूला धातू नसला की समोरच्या बाजूलाही दाब नीट बसत नाही, म्हणून. कानशीनं किंवा कात्रीनं नंतर तुकडा काढला तर समोरची कड ठणठणीत राहते. फसवणाऱ्याला हे सहसा माहीत नसतं.

करंजीच्या साच्याला भेग गेली असेल तर करंजीवर काय येतं? उठलेली रेघ. पीठ त्या भेगेत शिरतं. ठशाला तडा गेला की नाण्यावरही अशीच उठलेली रेघ येते. ती टांकसाळीची खरी चूक. पण सुरीनं, खिळ्यानं ओढलेली रेघ खोल जाते. नांगर चालला की तास पडतो आणि कडेला माती चढते, तशी खोल रेघेच्या कडेला धातूची वरंब चढलेली भिंगातून दिसते. तास आणि वरंब दिसली की समजायचं, ही नंतरची इजा.

कधी आधीचं नाणं ठशालाच चिकटून राहतं आणि पुढची चकती त्याच्यावर दाबली जाते. मग त्या नाण्याच्या एका बाजूला नीट चित्र आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र उलटं, आरशातल्यासारखं आणि खोल गेलेलं. ही खरी आणि मोलाची चूक. पण दोन नाणी एकावर एक ठेवून कुणी हातोडा मारला तरी उलटी अक्षरं उमटतात. फरक असा की हातोड्याच्या खाली मूळ चित्रही चेंबलेलं दिसतं आणि नाणं पसरून काठाच्या रेघा बिघडतात.

आणखी एक तपासणी घरी करता येते. आजचा रुपया सरळ धरा आणि पुस्तकाचं पान उलटतो तसा आडवा उलटा. मागची बाजूही सरळच दिसायला हवी. ती तिरकी किंवा उलटी आली तर ठसा यंत्रात फिरलेला होता. घरी बसून कुणी नाण्याची एकच बाजू फिरवू शकत नाही, त्यामुळे ही चूक टांकसाळीचीच. आमच्या गटाच्या पेटीत शोधताना दोन रुपयांचं असं एक स्टीलचं नाणं खरंच सापडलं. थोडं तिरकं आहे, फार नाही. ठसा असा थोडा फिरणं दुर्मिळ नसतं, म्हणून त्याचे लाख मिळणार नाहीत. आम्ही ते पेटीतच ठेवलंय, नवीन सभासदांना दाखवायला.

'शोले'मधलं जयचं नाणं आठवतं ना, दोन्ही बाजू सारख्या असलेलं? असं नाणं बाजारात दिसलं तर बहुतेक ते दोन नाणी कापून, घासून जोडलेलं असतं. कडेच्या आत नखानं चाचपडलं तर सांधा लागतो, आणि दगडावर टाकलं तर खणखणीत वाजत नाही. दहा रुपयांच्या दुरंगी नाण्याचं मधलं चक्र निघालेलं असलं, तरी आधी बाहेरच्या कड्याचा आतला काठ बघा. पान्यानं ठोकून काढलेलं असेल तर तिथे ओरखडे असतात.

काही गोष्टी चुकीसारख्या दिसतात पण चूक नसतात. १९४३ ते १९४७ या काळातला भोकाचा पैसा तुमच्याही घरात असेल. ते भोक टांकसाळीनंच ठेवलेलं. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई होती. त्या भोकाभोवती नीट कड आहे. हारासाठी रुपयाला पाडलेल्या भोकाला अशी कड नसते, उलट अक्षरं मधेच तुटतात. आजच्या नाण्यावर सालाखाली चौकटच्या पत्त्यासारखी खूण असते ती मुंबई टांकसाळीची, चांदणी हैदराबादची, गोल ठिपका नोएडाचा आणि कोलकात्याला खूणच नाही. ठिपका जास्तीचा पडला किंवा खूण राहून गेली म्हणून कुणी पैसे मागितले, तर हे त्याला सांगा.

१९११ सालच्या पंचम जॉर्जच्या रुपयाची गोष्ट तर गमतीची. राजाच्या झग्यावर साखळीत एक छोटा हत्ती कोरला होता. त्याची सोंड इतकी आखूड दिसली की लोक म्हणाले, हे डुक्कर आहे. धर्माचा प्रश्न उभा राहिला, ते रुपये मागे घेतले, बरेचसे वितळवले आणि १९१२ पासून हत्ती सुधारून कोरला. आता ही चूक खरी, पण ती नमुना कोरणाऱ्याची. त्या साली पडलेल्या प्रत्येक रुपयावर ती सारखीच होती. यंत्राची चूक एखाद्या नाण्यापुरती किंवा एका ठशाच्या नाण्यांपुरती असते. १९११ चा रुपया मिळाला तर जपून ठेवा, तो मुळातच कमी उरला आहे.

आता आमच्या ताईच्या रुपयाकडे येते. आठ दिवसांनी बैठक भरली. ताईच्या सासूबाईही आल्या. रुपया उन्हात धरला आणि भिंग एकीकडून दुसरीकडे फिरलं. खाचेच्या कडेला धातूची वरंब स्पष्ट होती. तिथली अक्षरं विरलेली नव्हती, चेपलेली होती. काठाच्या रेघा खाचेपाशी तुटून पुढे पुन्हा नीट चालू झाल्या होत्या. खाचेच्या समोरची कड पक्की होती. राजाच्या डोक्यावर फिक्या डागाचा ठिपका होता, तिथे हाराची कडी डाखलेली होती. सराफाच्या काट्यावर वजन ११.५ ग्रॅम भरलं. शंभर वर्षांची झीज धरली तर चोख. रुपया खरा होता. खूण मात्र टांकसाळीतली नव्हती.

सासूबाईंनी मला हळूच विचारलं, "हाऊ रुपया खोटा शे का वं बाई?"

म्हटलं, "नाही मावशी, रुपया खरा आहे. ही खाच कशाची, ते सांगा."

मग त्या बोलल्या. त्यांचं लग्न होऊन चार-पाच वर्षं झाली होती. ऐन पेरणीत बैल मेला. हार घेऊन नवरा-बायको सराफाकडे गेले. सराफाला शंका आली, आत तांबं असेल. त्यानं हारातला एक रुपया काढला, छिन्नी ठेवली आणि मारली. "आतूनबी पांढराच निघाला," असं सांगताना म्हातारीनं मान ताठ केली. पैसे मिळाले, बैल आला, दोन वर्षांनी हार सुटला. कापलेला रुपया पुन्हा हारात गेला, पण खाच दिसू नये म्हणून पाठीमागच्या बाजूला.

सराफानं नाणं असं कापून किंवा ठोकून पारखायची रीत फार जुनी. मोगलांच्या आणि कंपनीच्या कितीतरी रुपयांवर सराफांच्या खुणा आहेत. संग्राहकाच्या हिशेबात ती इजा. इतिहासाच्या हिशेबात ती नोंद आहे, हे नाणं कुणाच्या तरी अडचणीत पारखलं गेलं आणि खरं उतरलं याची. ताई त्या घरात पंधरा वर्षं नांदते. तिला ही गोष्ट माहीतच नव्हती.

तिनं रुपया फडक्यात बांधला आणि म्हणाली, "राहू द्या कर्ज." मग थोड्या वेळानं खरं कारणही सांगितलं. पोरीच्या प्रवेशाची फी भरायची होती. चार लाखांच्या आशेनं तिनं गटाकडे फीसाठी मागितलंच नव्हतं. ते कर्ज आम्ही त्याच बैठकीत मंजूर केलं. आणि एक ठरावही लिहिला: जुनं नाणं किंवा नोट विकण्यासाठी आगाऊ भरायच्या रकमेसाठी गट कर्ज देणार नाही.

ठरावामागचं कारणही ऐका. रिझर्व्ह बँकेनं ४ ऑगस्ट २०२१ रोजी लोकांना सावध केलं आहे. काही ठग बँकेचं नाव आणि चिन्ह वापरून जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात शुल्क, दलाली किंवा कर मागतात. रिझर्व्ह बँक असा व्यवहार करत नाही आणि असं शुल्क मागत नाही. साधी गोष्ट आहे, ज्याला विकत घ्यायचंय तो पैसे देतो, मागत नाही. पैसे गेलेच असतील तर लाजू नका, उशीर न करता १९३० या क्रमांकावर तक्रार करा.

दुसरी फसवणूक जत्रेत चालते. राम-सीता किंवा हनुमानाचं चित्र, खाली ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि १८१८ किंवा १६१६ साल. कंपनीनं अशी नाणी कधीच पाडली नाहीत. तांदूळ ओढून घेणारं चमत्कारी नाणं म्हणून हीच विकतात. देवाला हात जोडा, पण त्या नाण्याला पैसे देऊ नका.

घरच्या नाण्यांसाठी चार गोष्टी लक्षात ठेवा. चिंच, राख, लिंबू किंवा पावडर लावून घासू नका. घासल्यानं किंमत उतरते आणि बारीक खुणाही जातात. डाखलेली कडी उपटायचा प्रयत्न करू नका. वजन करून घ्या, कारण काही नाही तरी चांदीचा भाव मिळतो. आणि साल बघा. १९४० पासून रुपयात चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया चांदीचा नाहीच, निकेलचा आहे. तो लोहचुंबकाला चिकटतो, चांदीचा चिकटत नाही.

विकायचंच असेल तर दोघी-तिघी मिळून जा, दोन-तीन ठिकाणी विचारा, पावती घ्या. आणि त्याआधी एका दुपारी सासूजवळ, आईजवळ बसा. नाणं तिच्या हातात द्या आणि विचारा, ही खूण कशाची. ती जे सांगेल ते गटाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, तारखेसह. आमच्या वहीत पहिली नोंद त्या १९१९ च्या रुपयाची आहे.